चार मिनिटांचा एक दिवस

ग्रिम्सबीच्या गोदीवर एकतीस वर्षं
मी मासळीच्या पेट्या मोजल्या.
आता ग्रह मोजते, त्याच आखीव वहीत,
तशाच बोथट पेन्सिलीने.
हातचा विसरलेला तिथेही चालत नसे.

समोर डेरिक ब्लांचर्ड,
बस डेपोतला मेकॅनिक, नखांत ग्रीस,
टोपी गुडघ्यावर पालथी.
त्याला विचारायचंय, स्वतःचं गॅरेज टाकू का?

जन्म पाच मार्च सत्तावन्न,
पहाटे चार चाळीस.
रीत सोपी आहे, मी सांगते.
जन्मानंतरचा एकेक दिवस
आयुष्याचं एकेक वर्ष म्हणून वाचायचा.
दोन तासांचा महिना.
चार मिनिटांचा एक दिवस:
अंडं अर्धकच्चं उकडेपर्यंत
माणसाचा अख्खा सोमवार उलटतो.

तुला बेचाळीस पुरी झाली,
म्हणून बेचाळीस ओळी उतरायच्या खाली
बोट न उचलता.
रवी अंशाअंशाने सरकत
मीनेतून मेषेच्या शेवटाला आलाय.
चंद्राला कुठला धीर,
दीड फेरी मारून वृश्चिकेत,
पौर्णिमा नुकतीच मागे टाकलेली.
सोळा एप्रिल सत्तावन्न.

"किती म्हणालात?"
आणि तो आतल्या खिशातून कागद काढतो,
कौन्सिलच्या कपाटातून गेल्या हिवाळ्यात मिळालेला.
घड्यांवर विरलाय.
खाली सही. ऑलिव्ह एवढंच लागतं,
पुढचं आडनाव पेनाने ओरखडलंय.
बाळ सहा आठवड्यांचं होईतो
आईची संमती ग्राह्य धरू नये, असा कायदा.
म्हणून सहा आठवडे तिने पाजलं, न्हाऊ घातलं,
आणि बेचाळिसाव्या दिवशी टेबलाशी बसून लिहिलं, दिला.
कारकून नेटका असावा. त्याने वेळही टिपली:
सकाळी दहा चाळीस.

मी पेन्सिल ठेवते.
याची शाळा, मोडलेला हात, डॉरीनशी लग्न,
ज्याने वाढवलं त्या बापाचं दफन,
सगळं या बेचाळीस ओळींत.
आणि त्यातली एकही रात्र
ऑलिव्हशिवाय नाही.
हे त्याला ठाऊक नाही.
ठाऊक असायला ते कोष्टकात कुठे लिहिलंय?

चार चाळीस ते दहा चाळीस, सहा तास.
म्हणजे तीन महिने. म्हणजे पाच जून.
आज अठ्ठावीस मे.
आठ दिवस उरलेत, माझ्या जिभेवर आलं होतं.
काय उरलेत, ते कसं सांगणार होते कुणास ठाऊक.

मग आठवलं.
त्या रविवारी देशभर घड्याळं तासभर पुढे केली होती.
मी तेव्हा सोळा वर्षांची, चर्चला उशीर झाला,
आईने पायऱ्यांवरच कान धरला होता.
कोष्टकांना उन्हाळी वेळ कळत नाही.
तास वजा. पंधरा दिवस वजा.
वीस मे.

"गेल्या आठवड्यात गुरुवारी काय केलंस?"
"गुरुवारी?" तो छताकडे बघतो.
"एका डबलडेकरचा क्लच उतरवला.
दुपारी बाकावर बसून मासा-चिप्स.
एक समुद्रपक्षी अर्धा तुकडा पळवून गेला, हसू आलं.
बाकी काही नाही.
झोप मात्र लागली चांगली. का?"

काही नाही, मी म्हणते.
तो कागद जुन्याच घड्यांवर मिटतो,
खिशावर एकदा हात दाबून बघतो.
"मग गॅरेजचं?"

त्रेचाळिसावी ओळ.
सतरा एप्रिल, तितक्याच काळ्या शाईत छापलेली.
चंद्र तेरा अंश पुढे.
कुणाच्या कडेवर, हा रकानाच नाही.
मी चष्मा पुसते,
हातचा एक धरते,
आणि बेरीज पुढे सुरू करते.